‘घरचे खाऊन’ या दोन शब्दांचा हिशेब

‘घरचे खाऊन लष्कराच्या भाकऱ्या भाजणे’ ही म्हण मराठीत बहुधा कुत्सितपणेच वापरली जाते. स्वतःचा वेळ, पैसा आणि श्रम खर्चून परक्यांची कामे करणारा मनुष्य व्यवहारी जगाला वेडा वाटतो आणि त्या वेडाला चिमटा काढण्यासाठी ही म्हण पिढ्यान्‌पिढ्या हाताशी आहे. सामाजिक कार्यकर्त्यांनी मात्र ती मोठ्या मनाने स्वीकारली. सत्काराला उत्तर देताना ‘आम्ही लष्कराच्या भाकऱ्या भाजणारे’ असे हसत सांगणारा कार्यकर्ता महाराष्ट्राच्या कोणत्याही गावात भेटतो. तथापि, या म्हणीच्या उत्तरार्धाकडेच सर्वांचे लक्ष जाते. ‘घरचे खाऊन’ हे आरंभीचे दोन शब्द आपण उच्चारतो आणि सोडून देतो. लष्कराच्या भाकऱ्या भाजणाऱ्याला घरी जे खायला मिळाले, ते शिजविले कोणी? तो बैठकीला गेला असता मुलांचा अभ्यास कोणी घेतला, आजारी सासऱ्यांना औषध कोणी दिले, दूधवाल्याचा आणि वाण्याचा हिशेब कोणी चुकता केला? दीर्घकाळ चाललेल्या सेवाकार्याचा विचार करताना या दोन शब्दांपासून आरंभ करावयास हवा, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

पन्नास-पन्नास वर्षे समाजकार्यात व्यतीत केलेल्या व्यक्तींचे अमृतमहोत्सवी किंवा सहस्रचंद्रदर्शनाचे सोहळे आपण पाहतो. शाल, श्रीफळ, मानपत्र, क्वचित एखादा गौरवग्रंथही निघतो. संस्थेच्या स्थापनेपासूनच्या आठवणी सांगितल्या जातात. समारोपाच्या सुमारास कोणाला तरी आठवण होते, पत्नीला व्यासपीठावर बोलावून तिची ओटी भरली जाते आणि ‘त्यांच्या समर्थ साथीशिवाय हे शक्य नव्हते’ असे एक वाक्य उच्चारले जाते. हे वाक्य खोटे नसते. परंतु ज्या गोष्टीवाचून काहीच शक्य नव्हते, तिच्यासाठी एक वाक्य पुरेसे आहे काय?

डोंबिवलीची घडण

हा प्रश्न डोंबिवलीच्या संदर्भात विचारणे विशेष उचित ठरेल, कारण हे शहर बहुतांशी अशा गृहस्थाश्रमी कार्यकर्त्यांनी घडविले आहे. गिरगाव, दादर, परळ येथील चाळींतील दोन खोल्या अपुऱ्या पडू लागल्या तेव्हा नोकरदार मराठी मध्यमवर्ग आवाक्यातल्या घराच्या शोधात मध्य रेल्वेच्या मार्गाने पुढे सरकला. येताना त्याने चाळीतील सार्वजनिक जीवनाच्या सवयी बरोबर आणल्या. गणेशोत्सव, व्याख्यानमाला, वाचनालय, हळदीकुंकू आणि अडीनडीला शेजाऱ्याचे दार वाजविण्याचा हक्क, हे सारे नव्या इमारतींत आले. नागरी सुविधा मात्र माणसांच्या मागून, पुष्कळ उशिरा आल्या. कल्याण-डोंबिवलीची महानगरपालिका १९८३ साली अस्तित्वात आली. लोक तोवर हात जोडून बसले नव्हते. श्रीगणेश मंदिर १९२४ पासून उभे होते आणि गावाच्या सार्वजनिक जीवनाचे ते एक केंद्र झाले होते. १९७० साली डोंबिवली नागरी सहकारी बँकेची स्थापना झाली. शाळा हव्या होत्या, म्हणून नागरिकांनी शिक्षणसंस्था काढल्या. १९९९ साली गुढीपाडव्याला येथे नववर्ष स्वागतयात्रा निघाली आणि पुढे तिचे अनुकरण महाराष्ट्रातील अनेक शहरांनी केले.

ही कामे करणारी माणसे कोण होती? सकाळी सातच्या आसपासची लोकल पकडून मुंबई गाठणारे कारकून, बँकेतील कर्मचारी, शिक्षक, रेल्वे आणि टपाल खात्यातील नोकरदार. जाण्यायेण्यात रोजचे अडीच-तीन तास आणि कार्यालयात आठ तास गेल्यावर उरलेल्या वेळातून, बहुधा रात्री नऊनंतर आणि रविवारी, या संस्था चालल्या. शाळेच्या बांधकामासाठी घरोघर फिरून देणग्या गोळा करणारा चिटणीस दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा त्याच फलाटावर उभा असे. अशा मनुष्याला महिन्यातून एखादा रविवार मोकळा मिळाला तर घरात सण वाटे. शहराचा इतिहास लिहिताना आपण संस्थांच्या स्थापनेची वर्षे नोंदवितो. त्या वर्षांतील घरोघरचे रविवार कोणत्याच दप्तरात नोंदलेले नाहीत.

कुष्ठसेवेचा धडा

सातत्य म्हणजे काय, हे समजून घेण्यासाठी डोंबिवलीतीलच एक उदाहरण पुरेसे आहे. २०२३ साली भारत सरकारने गजानन जगन्नाथ माने यांना ‘पद्मश्री’ने सन्मानित केले. नौदलात सेवा बजावलेले आणि १९७१ च्या युद्धात सहभागी झालेले माने डोंबिवलीचे. गणवेश उतरविल्यानंतर त्यांनी जे क्षेत्र निवडले, ते म्हणजे कुष्ठरोगाने पीडित बांधवांची सेवा. कल्याणच्या पत्रीपुलानजीक कुष्ठपीडितांची वसाहत आहे. या पुलावरून आणि त्याच्या शेजारच्या रुळांवरून रोज लाखो माणसे जातात. जुना पूल २०१८ साली पाडला गेला आणि २०२१ च्या जानेवारीत नवा पूल खुला झाला, तोवर वाहतूक कोंडीच्या निमित्ताने सगळ्या शहराच्या तोंडी पत्रीपुलाचे नाव होते. वसाहतीचे नाव किती जणांच्या तोंडी होते?

कुष्ठसेवेचे स्वरूप समजून घेतले तर या कामाची महती आपोआप उलगडते. या रोगावर बहुविध औषधोपचाराची पद्धत १९८० च्या दशकात आली. सहा महिने ते एक वर्ष औषधे नियमित घेतली की रोग बरा होतो, आणि उपचार सुरू होताच रुग्णापासून संसर्गाचा धोका जवळजवळ संपतो. दर दहा हजारांमागे एकाहून कमी रुग्ण, हे राष्ट्रीय पातळीवरील उद्दिष्ट भारताने २००५ च्या अखेरीस गाठले. तरीही ज्यांच्या मज्जातंतूंना पूर्वीच इजा झाली, त्यांचे दुःख औषधाने भरून येत नाही. हातापायांची संवेदना गेलेली असते. चुलीवरचे भांडे हाताला भाजते आणि कळत नाही. पायात काटा रुततो, जखम चिघळते, हाडापर्यंत पोहोचते, आणि वेदना नसल्यामुळे मनुष्य चालतच राहतो. यावर उपाय साधाच आहे. रोज पाय पाण्यात भिजवावे, तेल लावावे, तळवे नीट पाहावे, जखम असल्यास मलमपट्टी करावी आणि मऊ रबरी तळाची विशेष पादत्राणे वापरावी. यात कोणताही चमत्कार नाही, छायाचित्र काढण्यासारखे काही नाही. आज केले, उद्या केले आणि परवा टाळले तर जखम पुन्हा उघडते. म्हणजे ही सेवा शौर्याची जितकी आहे, त्याहून अधिक नित्यनेमाची आहे.

समाजाच्या मनातील जखम तर याहूनही हट्टी. कुष्ठरोग हे घटस्फोटाचे कारण म्हणून आपल्या विवाहविषयक कायद्यांत २०१९ पर्यंत नोंदलेले होते. त्या वर्षीच्या दुरुस्तीने ते वगळले गेले. औषध येऊन तीन तपे उलटल्यावर कायदा बदलला. मग शेजाऱ्याच्या मनाला किती काळ लागेल? म्हणूनच वसाहतीत जाऊन बसणारा, तेथील चहा पिणारा, मुलांना शाळेत घालण्यासाठी धडपडणारा मनुष्य एकदा येऊन भागत नाही. तो वर्षानुवर्षे यावा लागतो.

दोन मार्ग, एकाचीच चरित्रे

महाराष्ट्राला कुष्ठसेवेची थोर परंपरा आहे. अमरावतीच्या तपोवनात डॉ. शिवाजीराव पटवर्धनांनी आणि वरोऱ्याजवळ आनंदवनात बाबा आमटे यांनी जे उभारले, ते सर्वज्ञात आहे. स्वतः कुष्ठरोगाने ग्रस्त झालेले सदाशिवराव कात्रे यांनी १९६२ साली छत्तीसगडमधील चांपा येथे भारतीय कुष्ठनिवारक संघाची स्थापना केली. पुढे विदर्भातून गेलेल्या दामोदर गणेश बापट यांनी तेथे आपले आयुष्य वेचले. २०१८ साली त्यांना ‘पद्मश्री’ मिळाली आणि २०१९ साली त्यांचे निधन झाले. घरदार सोडून, अविवाहित राहून एका कार्याला वाहून घेणाऱ्या अशा व्रतस्थांपुढे मस्तक आपोआप नमते. त्यांची चरित्रे लिहिली जातात आणि लिहिली जावीत.

परंतु दुसराही एक मार्ग आहे आणि त्याची चरित्रे फारशी लिहिली जात नाहीत. प्रपंच नेटका करून मग परमार्थाकडे वळावे, ही शिकवण आपल्याला समर्थांनी दिली. एकनाथ आणि तुकाराम हे दोघेही संसारी. आधुनिक काळात लक्ष्मीबाई केळकर अर्थात वंदनीय मावशी यांचे उदाहरण डोळ्यांपुढे येते. १९३२ साली पतिनिधनानंतर मुलाबाळांच्या मोठ्या संसाराचा भार एकट्या खांद्यांवर आला. तो पेलत असतानाच, अवघ्या चार वर्षांनी, १९३६ च्या विजयादशमीला वर्धा येथे त्यांनी राष्ट्र सेविका समितीची स्थापना केली, आणि १९७८ साली त्यांचे निधन होईपर्यंत ते काम चालू होते. संसार आटोपल्यावर समाजकार्य करू, असे त्यांनी म्हटले असते तर समिती जन्मालाच आली नसती. स्वयंपाकघर आणि संघटना या दोन्ही जबाबदाऱ्या एकाच व्यक्तीने पेलण्याचे हे उदाहरण आहे. तथापि, प्रत्येक स्त्रीकडून अशा असामान्यत्वाची अपेक्षा धरणे हा अन्यायच ठरेल. असामान्यांना वंदन करावे आणि सामान्यांसाठी व्यवस्था करावी, हे संघटनेचे शास्त्र आहे.

भांडवल कोणाचे?

येथे थोडी आकडेवारी पाहणे उपयुक्त ठरेल. केंद्र सरकारच्या सांख्यिकी कार्यालयाने २०१९ साली देशभर वेळवापराची पाहणी केली. घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यासाठी दिवसाला सरासरी २९९ मिनिटे देतात, तर घरकाम करणारे पुरुष ९७ मिनिटे देतात, असे तीत आढळले. शिवाय घरकामात हात घालणाऱ्या स्त्रिया शंभरातील ८१ होत्या, पुरुष केवळ २६. २०२४ च्या पाहणीत हे आकडे अनुक्रमे २८९ आणि ८८ मिनिटे असे आले. स्त्रियांची दहा मिनिटे वाचली. ती पुरुषांनी उचललेली दिसत नाहीत. याच २०१९ च्या पाहणीत विनावेतन स्वयंसेवा, प्रशिक्षण आणि तत्सम कामांत दिवसातील काही वेळ देणाऱ्यांचे प्रमाण अवघे २.४ टक्के होते.

या आकड्यांकडे कोणत्याही चळवळीच्या चष्म्यातून पाहण्याची आवश्यकता नाही. साधा जमाखर्च मांडला तरी पुरे. रात्री नऊ वाजता बैठकीला निघालेल्या पुरुषाच्या हातातील दोन तास हे त्याच्या घरातील कोणाच्या तरी पाच तासांतून आलेले असतात. महिलांच्या डब्यात गुडघ्यावर पिशवी ठेवून भाजी निवडणारी स्त्री आपण सर्वांनी पाहिली आहे. ती निवडलेली भाजी हे डोंबिवलीतील अनेक संस्थांचे मूळ भांडवल आहे. संस्थेच्या ताळेबंदात देणगीदारांची नावे असतात, ठेवी असतात, इमारत निधी असतो. या भांडवलाला मात्र रकाना नाही.

आणखी एक अप्रिय गोष्ट स्पष्टपणे सांगितली पाहिजे. सेवेच्या नावाखाली घराकडे पाठ फिरविणारेही काही कमी नाहीत. बाहेर सर्वांच्या मदतीला धावणारा आणि स्वतःच्या घरी पाहुण्यासारखा वावरणारा कार्यकर्ता आपल्या परिचयाचा आहे. त्याच्या मुलांना वडिलांचा अभिमान असतो आणि मनात एक अढीही असते. ती मुले मोठी झाल्यावर समाजकार्याच्या वाऱ्याला उभी राहत नाहीत, तेव्हा आपण नव्या पिढीला दोष देतो. त्या घरात सेवेचा संस्कार झालाच नव्हता, सेवेची अनुपस्थिती तेवढी जाणवली होती, हे आपण लक्षात घेत नाही. याउलट, ज्या घरात आई-वडील दोघे मिळून कामाला जात, मुलांना सतरंज्या घालायला आणि खुर्च्या मांडायला बरोबर नेत, त्या घरांतील दुसरी पिढी आजही कुठे ना कुठे काम करताना दिसते.

बदललेले घर

आता प्रश्न उद्याचा आहे. ज्या घराच्या आधारावर मागील पिढीने काम केले, ते घर तसे राहिलेले नाही. पती-पत्नी दोघेही नोकरी करतात. कार्यालय संगणकासह घरात आले आणि कामाचे तास संपेनासे झाले. आजी-आजोबा त्याच इमारतीत असतीलच असे नाही. मुले पुण्याला, बंगळुरूला किंवा परदेशी आहेत. संस्थांच्या वार्षिक सभांना पांढरे केस अधिक दिसतात, आणि ज्यांनी सत्तरच्या दशकात संस्था उभ्या केल्या त्यांतील अनेक जण आज जिना चढू शकत नाहीत.

यावर पैसा हे उत्तर आहे, असे काहींना वाटते. २०१३ च्या कंपनी कायद्यानुसार मोठ्या उद्योगांना नफ्याचा दोन टक्के भाग सामाजिक कार्यावर खर्च करणे भाग आहे, आणि त्यातून अनेक चांगली कामे उभी राहिली आहेत. तो पैसा अवश्य घ्यावा. परंतु पगारी माणूस सायंकाळी सहाला निघून जातो आणि प्रकल्पाची मुदत संपली की येईनासा होतो. २००५ च्या २६ जुलैला पाणी चढले, २०२० साली टाळेबंदीत एकाकी ज्येष्ठांना औषधे आणि डबे पोहोचवायचे होते, तेव्हा कोणत्या प्रकल्पाची मंजुरी यायची वाट पाहणे शक्य नव्हते. तेथे शेजारी लागतो, आणि शेजारपण विकत मिळत नाही.

म्हणून संस्थांनी आपली कार्यपद्धती घराच्या नव्या रचनेशी जुळवून घ्यावी, हाच मार्ग उरतो. रात्री नऊच्या बैठका रात्री बारापर्यंत लांबविण्याची सवय सोडावी. तासाभरात निर्णय होऊ शकतात. एकाच कार्यकर्त्याच्या गळ्यात दहा कामे घालण्याऐवजी दहा जणांना आठवड्यातून एक-एक तासाचे काम द्यावे, पण तो तास वर्षानुवर्षे चुकणार नाही अशी रचना करावी. महिलांचे कार्य म्हणजे तिळगूळ, हळदीकुंकू आणि अल्पोपाहार ही समजूत निकालात काढून कार्यवाह, कोषाध्यक्ष, विश्वस्त या पदांवर त्यांना बसवावे, आणि बैठकीची वेळ त्यांना विचारून ठरवावी. पुरुष कार्यकर्त्यांनीही घरातील कामाचा वाटा उचलावा. जो स्वतःच्या घरी पोळपाट-लाटणे ओळखत नाही, त्याने लष्कराच्या भाकऱ्यांच्या गोष्टी सांगू नयेत. पंचाहत्तरी ओलांडलेल्या पदाधिकाऱ्यांनी आपल्या हयातीतच उत्तराधिकारी घडवावा, किल्ल्या सोपवाव्या आणि मार्गदर्शकाच्या खुर्चीवर प्रसन्नपणे बसावे. चाळीस वर्षे सांभाळलेले पद सोडणे कठीण असते. पण वानप्रस्थ ही कल्पना आपल्याच परंपरेने दिली आहे.

आणि एक कर्तव्य तर कोणत्याही ठरावाशिवाय आजच करता येण्यासारखे आहे. ज्यांनी आयुष्यभर इतरांच्या घरी जाऊन विचारपूस केली, ते वृद्ध कार्यकर्ते आणि त्यांच्या पत्नी आज अनेक इमारतींच्या तिसऱ्या-चौथ्या मजल्यावर, उद्‌वाहन नसलेल्या घरांत, दोघे किंवा एकटे राहत आहेत. त्यांना मानपत्र नको आहे. डोळ्यांच्या तपासणीला कोणी रिक्षातून नेऊन आणावे, बँकेतून हयातीचा दाखला द्यावा लागतो त्या नोव्हेंबर महिन्यात कोणी सोबत यावे, संध्याकाळी अर्धा तास बसून जुन्या गोष्टी ऐकाव्या, एवढेच हवे आहे. प्रत्येक संस्थेने आपल्या माजी कार्यकर्त्यांची यादी करावी, आठवड्याला एका घराची पायरी चढावी, आणि त्या घरातील गृहिणीला आवर्जून विचारावे की, ‘काकू, त्या वर्षांत घर तुम्ही कसे चालविले?’ ती जे सांगेल ते लिहून घ्यावे. संस्थेच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेत अध्यक्षांच्या मनोगताच्या आधी ते छापावे. सेवेचा जो इतिहास आजवर अर्धाच लिहिला गेला, त्याचा उरलेला अर्धा भाग त्या घरांत आहे, आणि तो सांगणारी माणसे दरवर्षी कमी होत आहेत.